स्कॅन घ्या, गोष्ट घेऊ नका : युद्धातल्या विमानांची नोंदकार्डं मागवून देणारी एक सेवा

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. या सेवेचं सगळ्यात स्वस्त पॅकेज, म्हणजे कार्डाचा नुसता स्कॅन, डोळे झाकून घ्या. मधलं पॅकेज, ज्यात कार्डावरच्या संक्षेपांची फोड टाईप करून मिळते, ते पहिल्या खेपेला घ्यायला हरकत नाही. तिसरं, ‘विमानाची जीवनकथा’ म्हणून जे विकतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. तेवढ्या पैशात पाच-सहा स्कॅन येतात आणि त्या स्कॅनमध्ये जास्त खरं असतं.

आता मामला काय तो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाच्या प्रत्येक विमानाचं एक कार्ड असायचं. त्याला एअर मिनिस्ट्री फॉर्म ७८ म्हणतात. कारखान्यातून विमान कधी आलं, कोणत्या डेपोला गेलं, कोणत्या स्क्वाड्रनच्या नावावर चढलं, मोडलं तर किती मोडलं, शेवटी हिशेबातून कधी उतरलं, हे सगळं त्यावर एकेका ओळीत, तेही अर्धं आकड्यांत आणि अर्धं संक्षेपांत. अमेरिकनांचीही अशीच कार्डं होती. त्यांच्या मायक्रोफिल्म अलाबामातल्या मॅक्सवेल तळावर हवाईदलाच्या इतिहास विभागाकडे आहेत. इंग्लंडातला एक गृहस्थ फी घेऊन या दोन्हींच्या प्रती मिळवतो आणि ईमेलने पाठवतो. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि माणूस स्वभावाने वाईट नाही.

माझा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी. एक, नोकरी भुसावळला रेल्वेच्या कॅरेज-वॅगन ऑफिसात झाली. वॅगनचा नंबर, मालक रेल्वे कोणती, पीओएच (ठराविक मुदतीची मोठी दुरुस्ती) कधी, सिक लाइनला (नादुरुस्त वॅगनच्या रुळावर) कधी टाकली, फिट कधी दिली, कंडम कधी केली, हे रजिस्टरात लिहिण्यात केस पांढरे झाले. दुसरी बाजू सासरच्यांची. सासरे अमळनेरचे, भारतीय हवाईदलात एअरफ्रेम फिटर होते आणि लोहगावला लिबरेटर बॉम्बरवर कामाला होते. त्यांच्या जुन्या वहीत इंजिन ऑइलच्या डागांमध्ये ‘एच.ई.’ने सुरू होणारे नंबर लिहिलेले सापडले. मंडळींनी, म्हणजे आमच्या बायकोने, विचारलं, हे कसले नंबर? तिथून सुरुवात झाली.

ऑर्डर देणं सोपं आहे. विमानाचा नंबर लिहायचा, पैसे भरायचे. पैसे भरणं मात्र सोपं नाही. माझ्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते आणि ते चालू करून घेण्यासाठी जी खेटी घातली त्याचं वेगळं परीक्षण लिहावं लागेल. शेवटी पुण्याहून मुलाने भरले. स्कॅन आठवड्याच्या आत आला. रंगीत, स्वच्छ, कार्डाच्या दोन्ही बाजू. मागची बाजू पाठवतो याबद्दल त्या गृहस्थाला पूर्ण मार्क. पुष्कळ लोक मागची बाजू कोरी समजून सोडून देतात आणि तिथेच कुणीतरी पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं असतं. जळगावला नव्या बसस्टँडजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री आकारात प्रिंट काढून घेतली. मोबाईलवर बघत बसण्यापेक्षा प्रिंट काढाच. शाईचा रंग बदलला की लिहिणारा बदलला, हे प्रिंटवर चटकन कळतं.

तो झेरॉक्सवाला पोरगा प्रिंट हातात देताना म्हणाला, “काका, यात ‘फेस’ लिहिलंय. विमानाचं तोंड का?” हसू आलं, पण त्याचं चुकलं नव्हतं. कार्डावर एफ-ए-सी-ई ही चार अक्षरं जोडून लिहिलेली होती. ती अशी सुटी करायची: एफ-ए म्हणजे फ्लाइंग ॲक्सिडेंट, सी म्हणजे कॅटेगरी, ई म्हणजे ई. उडताना झालेला अपघात, नुकसान ई दर्जाचं. हीच अक्षरं कुठे एफ-ए-सी-बी, कुठे एफ-ए-सी-ए-सी अशी येतात. दर्जे समजून घेतले की अर्धं कार्ड वाचता येतं. ए म्हणजे युनिटलाच जागेवर दुरुस्त करता येईल. ए-सी म्हणजे जागेवरच, पण युनिटच्या आवाक्याबाहेर, बाहेरची पार्टी बोलवा. बी म्हणजे उचलून डेपोत किंवा कारखान्यात न्या. सी म्हणजे आता उडायचं नाही, पोरांना शिकवायला ठेवा. ई म्हणजे कंडम. आमच्याकडे सिक लाइनमध्ये जागेवर होणारी वॅगन वेगळी, वर्कशॉपला पाठवायची वेगळी आणि भंगारात काढायची वेगळी. मला ही वर्गवारी शिकावी लागली नाही, फक्त अक्षरं बदलून घ्यावी लागली.

मधल्या पॅकेजमधली फोड इथपर्यंत ठीक आहे. एफ-टी-आर म्हणजे फेल्ड टू रिटर्न, गेलं ते परतलं नाही. एस-ओ-सी म्हणजे स्ट्रक ऑफ चार्ज, हिशेबातून कमी. आर-ओ-एस म्हणजे जागेवर दुरुस्ती. सी-बी-ए-एफ म्हणजे बर्मिंगहॅमजवळचा कॅसल ब्रॉमिचचा कारखाना, जिथे निम्म्याहून जास्त स्पिटफायर लढाऊ विमानं तयार झाली. एम-४५ म्हणजे मर्लिन ४५ इंजिन. हे सगळं नीट टाईप करून येतं. पण हा तक्ता सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पाठवतात. माझ्या कार्डावर नसलेले चाळीसेक संक्षेप त्यात होते आणि माझ्या कार्डावरचे दोन त्यात नव्हते. विचारल्यावर दोन दिवसांत उत्तर आलं, सभ्य भाषेत आलं, हेही सांगितलं पाहिजे.

खरी गंमत ‘एम.यू.’ पाशी आहे. मेंटेनन्स युनिट. भाच्याने स्पिटफायरचं प्लॅस्टिकचं मॉडेल केलं होतं, त्यावर खऱ्या विमानाचा नंबर होता, म्हणून त्या नंबरचं कार्ड मी मागवलं आणि हौसेने ‘जीवनकथा’ही घेतली. त्या कथेत लिहिलं होतं की कारखान्यातून बाहेर पडताच विमानात बिघाड झाला आणि ते दुरुस्तीसाठी मेंटेनन्स युनिटला न्यावं लागलं. अहो, कसला बिघाड! नवं विमान आधी एम.यू.लाच जायचं. तिथे त्याला तोफा, रेडिओ वगैरे सामान बसवायचे आणि मागणी येईपर्यंत तिथेच उभं ठेवायचे. काही एम.यू. तर पॅकिंगवाले होते. कार्डिफचं ५२, लिचफील्डचं ८२, सीलँडचं ४७. यांतला आकडा दिसला की समजा विमान खोक्यात बंद होऊन जहाजावर चढणार आहे. पुढच्या ओळीत बहुतेक जहाजाचं नाव असतं, त्यापुढे बंदर. हिंदुस्थानसाठी निघालेली विमानं कराचीला उतरायची आणि तिथेच जोडली जायची. म्हणजे नुसता एम.यू.चा आकडा पाहून सांगता येतं की पुढची ओळ समुद्राची असणार. हे त्या पानभर कथेत कुठेच नाही. कथेत आहे तो बिघाड, जो झालाच नाही.

त्याच कथेत पुढे तर कहर आहे. कार्डावर विमान १२२ स्क्वाड्रनच्या नावे चढल्याची तारीख आहे, उतरल्याची तारीख आहे. बस्स. मधल्या काळात त्या स्क्वाड्रनने जिथे जिथे लढाया मारल्या, त्या सगळ्या या विमानाच्या खात्यावर टाकून दिल्या आहेत. कार्ड असं काही म्हणत नाही. कार्ड म्हणतं, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत हा माल यांच्या ताब्यात होता. त्या दिवशी ते विमान उडालं की हँगरमध्ये चाकं काढून उभं होतं, कोण उडवत होतं, कुठे गेलं, हे बघायला स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकं आहेत, फॉर्म ५४० आणि ५४१. ती लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एअर २७ या मालिकेत आहेत. अपघाताचा तपशील हवा तर त्याचं कार्ड वेगळं, फॉर्म ११८०. वॅगन भुसावळ डिव्हिजनच्या खात्यावर आहे एवढ्यावरून तिच्यातून रावेर-सावद्याची केळी गेली असं मी रजिस्टरात लिहिलं असतं तर साहेबाने फाईल तोंडावर मारली असती.

जाता जाता, जे सांगायला हवं होतं ते मात्र राहिलं. १२२ ही ‘बॉम्बे’ स्क्वाड्रन होती. १३२ ‘सिटी ऑफ बॉम्बे’, १२४ ‘बरोडा’, १२९ ‘म्हैसूर’. युद्धासाठी इथून जो पैसा गेला त्याबद्दल दिलेली ही नावं. कार्डावर नुसता आकडा असतो, नाव नसतं. इकडच्या गिऱ्हाइकाला ही एक ओळ दिली असती तर पैसे वसूल झाले असते.

तारखांवर जरा थांबतो, कारण माझ्या मते या कार्डांतली सगळ्यात मोठी फसगत तिथे आहे.

परदेशात पाठवलेल्या विमानांची ब्रिटिश कार्डं फार कंजूष असतात. विमान इंग्लंडात असेपर्यंत ओळीवर ओळ, आणि एकदा ते जहाजावर चढलं की नुसतं ‘इंडिया’ किंवा ‘ए.सी.एस.ई.ए.’, म्हणजे एअर कमांड साउथ ईस्ट एशिया. मग थेट ‘एस.ओ.सी.’ आणि एक तारीख. मधली दीड-दोन वर्षं गायब. बाहेरच्या कमांडची रोजची हलवाहलव लंडनच्या कार्डावर चढतच नव्हती. आता ती शेवटची तारीख बघा. एका कार्डावर ३१.८.४४. दुसऱ्यावर ३०.८.४५. तिसऱ्यावर २७.९.४५. चौथ्यावर पुन्हा २७.९.४५. आणखी एकावर २६.९.४६. आधी वाटलं योगायोग. मग कॅलेंडर काढलं. सगळे गुरुवार. नुसते गुरुवार नाहीत, त्या त्या महिन्याचे शेवटचे गुरुवार.

ज्याने महिनाअखेरचं स्टेटमेंट भरलंय त्याला यापुढे काही सांगायला नको. विमानं काही वार बघून पडत नाहीत. जे मधल्या तीन-चार आठवड्यांत, किंवा कधी त्याच्याही आधी, निकामी झालं, ते कारकुनाने महिन्याचा कागद बंद करताना एकदम कमी केलं. म्हणजे २७ सप्टेंबर १९४५ ही विमानाच्या शेवटाची तारीख नाही, खात्याच्या शेवटाची आहे. आणि ‘जीवनकथा’ काय म्हणते? ‘२७ सप्टेंबर १९४५ रोजी हे विमान नष्ट करण्यात आले.’ मी हे कळवलं. उत्तर आलं की कार्डावर जी तारीख आहे तीच आम्ही देतो. बरोबर आहे, पण मग ‘नष्ट करण्यात आले’ हे कार्डावर कुठे आहे?

तारखांचाच दुसरा घोळ अमेरिकन कार्डांवर. तिथे महिना आधी लिहितात, दिवस नंतर. सेवेने ८-११ चं सरळ ८ नोव्हेंबर करून टाकलं होतं. ते होतं ११ ऑगस्ट. खालच्याच ओळीत ८-२५ आहे. पंचविसावा महिना कुठल्या पंचांगात असतो? दोन ओळी एकत्र वाचल्या असत्या तर चूक झाली नसती. अमेरिकन कार्डांवर विमान देशाबाहेर गेलं की ठिकाणाचं नाव लिहायचं नाही, सांकेतिक शब्द लिहायचा अशी पद्धत होती. सोक्सो किंवा अग्ली दिसलं तर इंग्लंड, सुमॅक दिसलं तर ऑस्ट्रेलिया. सेवेने हे शब्द बरोबर लावले, ते त्यांचं चांगलं काम. ‘डिफेन्स एड’ असं दिसलं तर विमान लेंड-लीजखाली, म्हणजे युद्धापुरतं साहित्य पुरवण्याच्या अमेरिकन योजनेत, मित्रराष्ट्राला दिलेलं. सासऱ्यांची लिबरेटर याच वाटेने आलेली.

लिबरेटरची भानगड अशी की एकाच विमानाला तीन नंबर. अमेरिकेत बनलं म्हणून अमेरिकन नंबर, ब्रिटिशांनी घेतलं म्हणून त्यांचा, आणि मग आपला एच.ई. वाला. ज्यांची साखळी पक्की आहे अशी काही विमानं आजही उभी आहेत. अमेरिकन ४४-५०२०६ तेच ब्रिटिश के.एन. ७५१, तेच आपलं एच.ई. ८०७. युद्धात ९९ स्क्वाड्रनकडे होतं. भारताने ते १९७४ मध्ये ब्रिटनला भेट दिलं आणि आज ते तिथल्या आर.ए.एफ. म्युझियमकडे आहे. ब्रिटिश के.एच. ३०४ म्हणजे आपलं एच.ई. ८७७, ते ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात. के.एच. १९१ म्हणजे एच.ई. ७७१, तेही अमेरिकेत. आणि एच.ई. ९२४ दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे, ते बघायला व्हिसा लागत नाही.

आता या विमानांची ब्रिटिश कार्डं वाचा. युद्ध संपलं, लेंड-लीजचा माल वापरात ठेवायचा नव्हता, म्हणून लिबरेटर कानपूरच्या ३२२ एम.यू.मध्ये जमा केली आणि पुन्हा उडू नयेत अशा बेताने मोडतोड करून सोडली. कार्डाच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. पण बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून चाळीसेक विमानं उभी केली. कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती एकेक करून कानपूरहून बंगळुरूला उडवत घेऊन गेले. १९४८ मध्ये त्यावर हवाईदलाची ५ नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली, पुढे ६ नंबरचीही, आणि ही विमानं १९६८ पर्यंत सेवेत होती. इंग्रजांच्या हिशेबातून उतरलेल्या मालाने पुढे वीस वर्षं ड्युटी केली. आमचे सासरे त्याच मालाचे रिव्हेट बदलत होते.

मंडळी कार्डाच्या प्रिंटवर वाकून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, “बाबाना इमानना नंबर शे का यामा?” (बाबांच्या विमानाचा नंबर आहे का यात?) कार्डावर एच.ई. नंबर नसतोच, कारण तो ब्रिटिशांनी दिलेला नाही. त्यांचं कार्ड जिथे संपतं तिथून आपला नंबर सुरू होतो. त्यामुळे तुमच्याकडे फक्त एच.ई. नंबर असेल तर आधी त्याचा ब्रिटिश नंबर कुठूनतरी जुळवून घ्या आणि मगच ऑर्डर द्या. सेवा हे जुळवून देण्याचं आश्वासन देते, पण त्यांनी मला जी यादी पाठवली ती संग्रहालयांतल्या विमानांचीच होती. ती वर मी फुकट दिली आहे.

ऑर्डरीपूर्वी आणखी एक काळजी. ब्रिटिश नंबर सलग नाहीत. आधी एक अक्षर आणि चार आकडे, पुढे दोन अक्षरं आणि तीन आकडे, पण मधूनमधून नंबरांचे गट मुद्दाम गाळलेले, म्हणजे शत्रूने पडलेल्या विमानांचे नंबर जमवले तरी एकूण किती बनली याचा अंदाज येऊ नये. अशा गाळलेल्या गटातला नंबर तुम्ही मागितला, म्हणजे तुमच्या फोटोत एखादा ३ तुम्हाला ८ दिसला, की ‘कार्ड आढळले नाही’ असं उत्तर येतं आणि शोधणावळ परत मिळत नाही. हे त्यांच्या अटींत अगदी तळाला बारीक अक्षरात आहे.

पाचापैकी मार्क द्यायचे तर स्कॅनला साडेचार. अर्धा कापला तो फाईलला नंबरऐवजी ‘स्कॅन नवीन फायनल २’ असलं नाव दिल्याबद्दल. फोडीला तीन. जीवनकथेला एक, तोही सुबक टायपिंगसाठी. बोलण्या-वागण्याला चार. जीवनकथेचे पैसे परत मागितले होते, ते मिळाले नाहीत, पण बदल्यात एक स्कॅन फुकट देऊ केला. मी फॉर्म ११८० मागितला आहे, त्या ‘फेस’वाल्या विमानाचा. त्यात वैमानिकाची चूक की इंजिनाची, हे लिहिलेलं असतं. आला की याच परीक्षणाखाली भर घालीन.